वीगन घरातलं मूल आणि बी-१२

प्राण्यांचे हाल नकोत म्हणून दूधही सोडणाऱ्या आईवडिलांनी मूल त्याच आहारावर वाढवावं का? जरूर वाढवावं, पण बी-१२चे थेंब किंवा गोळी ऐच्छिक मानू नये. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते प्राणिजन्य अन्नातून मिळतं. त्यासाठी इडलीच्या आंबवलेल्या पिठावर भरवसा ठेवता येत नाही. पुरावा आपल्या दाराशीच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या खेड्यांमधील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. सुमारे दोन-तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी होतं. फोलेट भरपूर पण बी-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-प्रतिरोध सर्वाधिक दिसला, हे २००८ साली प्रसिद्ध झालं. या स्त्रिया काही वीगन नव्हत्या. मग दूधही नसलेल्या घरात ही काळजी गर्भारपणापासूनच घ्यायला हवी.

‘आपले पूर्वज कुठे गोळ्या घेत होते?’ असं विचारलं जातं. पूर्वज दूध-ताक घेत, आणि त्यांच्यातली कमतरता कुणी मोजलीच नव्हती. ‘गोळी लागते तो आहार अनैसर्गिक,’ हा दुसरा आक्षेप. तो घेणाऱ्यांच्या स्वयंपाकघरातही मीठ आयोडीनयुक्तच असतं. कॅल्शियमची अडचण तुलनेने सोपी आहे: शंभर ग्रॅम नाचणीत ते ३०० मिलिग्रॅमहून अधिक असतं. आजी-आजोबांच्या शंकेला मात्र वादाने उत्तर देऊ नये. बालरोगतज्ज्ञाकडे नियमित नोंदवलेला उंची-वजनाचा आलेख आणि गरजेनुसार केलेली रक्ततपासणी त्यांच्यापुढे ठेवावी. आलेख घसरला, तर आहार बदलायची तयारीही ठेवावी.