पान सावलीत सुकवायचं, पण थांबायचं कशाच्या बळावर?



कापूस-ज्वारीच्या पट्ट्यात तंबाखूची गोष्ट कशाला, असं कोणी विचारील. पण विहिरीच्या कडेला चार गुंठे तंबाखू लावणारी घरं आपल्यातही आहेत, आणि त्यांच्या पानाचं जे होतं तेच आपल्या कापसाचं होतं.

खुडलेलं पान लगेच मरत नाही. सावलीत टांगलं की आधी पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, शेवटी मधली शीर वाळते. याला ४ ते ८ आठवडे लागतात. घाईनं उन्हात टाकलं तर पान हिरवंच वाळतं. तो हिरवेपणा मग कशानंही जात नाही. ओल जास्त झाली तर बुरशी धरते. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून दुपारी दारं-झरोके लावून घ्या, भुईवर पाणी शिंपडा, रात्री उघडा. माळेत दोन पानांमध्ये बोटभर जागा ठेवा. दुपारी शीर कडकन मोडली तर पान तयार झालं समजा. पण माळ उतरवा दुसऱ्या पहाटे, पान नरम असताना. नाहीतर हातात चुरा येईल.

एक बजावून सांगतो. लेकरं निजतात किंवा धान्य ठेवलंय त्या खोलीत माळा नकोत. ओल्या पानाचा रस कातडीतून अंगात भिनतो. मळमळ होते, चक्कर येते.

कृषी पदवी घेऊन मी हे सगळं गावोगाव सांगत असे. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "साहेब, पान आठ आठवडे टांगतो. तोवर दुकानदाराला काय सांगू?" माझ्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.

शेतकरी अडाणी आहे म्हणून पान उन्हात पडत नाही. उधारीचा तगादा दारात उभा असतो म्हणून पडतं. मग तोच व्यापारी पान हिरवं म्हणून भाव पाडतो. आपलाही कापूस वेचणी संपायच्या आत घराबाहेर पडतो तो याच तगाद्यानं.

१९७९ पर्यंत पान सुकवणाऱ्याला अबकारी खात्याचा परवाना लागे. कच्च्या तंबाखूवरचा तो कर गेला, पण भाव काही हाती आला नाही. म्हणून १९८१ साली निपाणीचे तंबाखू उत्पादक पुणे-बंगलोर रस्त्यावर बसले. त्यांच्यावर गोळ्या चालल्या, माणसं मेली. मागणी काय होती? घामाचा दाम.

तेव्हा माल कसा सुकवावा हे शिकवणाऱ्यांना आपण एवढंच विचारू: थांबायचं कशाच्या बळावर? घरात ठेवलेल्या मालावर वेळेत उचल मिळाली, तर शास्त्र आम्ही पाळून दाखवू.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावात गेल्या हंगामात तगाद्यापायी किती घरांनी माल विकला, ते कागदावर लिहून आणा. मागणी त्या कागदावरूनच ठरवू.