सातबारा नाही म्हणून तहान नाही का?



गेल्या महिन्यात आपण मोर्चाला पुण्यात गेलो. वेल्ह्याच्या, भोरच्या एसटीनं सगळे स्वारगेटला उतरलो. रात्र तिथंच काढली, भाकरी सोबत होती. पहाटे आमच्या वाडीतली एक आजी मला म्हणाली, "पोरी, जरा पाय मोकळे करू." चालत निघालो तर थोड्या अंतरावर कालवा लागला, काठोकाठ भरलेला. आजी बघतच राहिली. मग म्हणाली, "आपलंच पानी हाय की गं हे. आपल्या आधी हितं येऊन बसलंय."

आजी शाळेत गेलेली नाही, पण तिचं बोलणं खरं आहे. तो मुठा उजवा कालवा. पानशेत आणि वरसगावचं पाणी खडकवासल्यात येतं, तिथून शहराला जातं आणि कालव्यानं हडपसर, दौंड, इंदापूरकडं जातं. पुण्याच्या लोकांनी पाणी प्यावं, आपली त्याला ना नाही. तहानलेल्याला पाणी देऊ नका असं आपण कधी म्हटलेलं नाही. पण फुगवट्याच्या काठावरची आमची वाडी होळीनंतर खड्ड्यातलं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरते. खाली धरण दिसतं, पण पाणी मागं सरलं की मधे सगळा चिखल. त्यातून उतरायचं आणि गाळाचं पाणी डोक्यावर घेऊन चढायचं. हे कुठल्या न्यायात बसतं?

१२ जुलै हा पानशेत फुटल्याचा दिवस. १९६१ साली त्या दिवशी धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. हजारो माणसं एका दिवसात बेघर झाली. मग काय झालं? निसेन झोपड्या उभ्या राहिल्या. गोखलेनगर झालं, लोकमान्यनगर झालं, सहकारनगरच्या बाजूला पूरग्रस्तांच्या सोसायट्या झाल्या. नळ आले, संडास आले, रस्ते आले. त्यांचं दुःख मोठंच होतं आणि जे झालं ते योग्यच झालं. पण त्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. पूरग्रस्त म्हणजे ज्याचं घर पाण्यात गेलं तो. मग तो वाड्याचा मालक असो नाहीतर भाडेकरू.

आता त्याच धरणाच्या वरच्या बाजूला बघा. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यातल्या काहींना दौंडकडं जमिनी मिळाल्या. त्यांचेही हाल झाले, ते आपण जाणतो. पण कातकऱ्याच्या नावावर जमीन कधी नव्हतीच. तो दुसऱ्याच्या बांधावर, दुसऱ्याच्या माळावर झोपडी घालून राहिला. पाणी चढलं तसा तो झोपडी उचलून वर सरकला. कागदावर तो विस्थापित झालाच नाही. त्या वेळी पुनर्वसनाचा कायदा नव्हता. १९७६ साली कायदा आला. पण कायद्यात काहीही लिहिलेलं असो, टेबलापुढं उभं राहिलं की पहिला प्रश्न एकच, "सातबारा आणलाय का?" यावेळीही एका कचेरीत आम्हाला तेच विचारलं.

दुसरी गंमत ऐका. पाहणी करणारे वाडीत येतात कधी? माघ-फाल्गुनात. तेव्हा आपली माणसं वीटभट्टीवर नाहीतर कोळसाभट्टीवर. दाराला काटी लावलेली. मग कागदावर लिहितात, "कुटुंब राहत नाही." पोटासाठी सहा महिने बाहेर गेलं की माणूस गावातून पुसला जातो.

नंदुरबार (तेव्हाच्या धुळे) जिल्ह्यातले अक्कलकुवा आणि अक्राणीचे आपले आदिवासी भाऊबंद सरदार सरोवराशी लढले. त्यांच्याकडून नर्मदा लवादाच्या निवाड्याची माहिती मिळाली, ती मी वाचली. निवाडा १९७९ चा आहे. त्यात विस्थापित कोण? नोटीस निघण्याआधी निदान एक वर्ष जो त्या जागी राहतो, कसतो किंवा काम करून पोट भरतो तो. यात सातबाराची अट नाही. पुढं असंही आहे की प्रत्येक कुटुंबाला ६० फूट बाय ९० फूट घरासाठी जागा, दर ५० कुटुंबांमागं पिण्याच्या पाण्याची एक विहीर आणि तिला गुरांसाठी हौद, १०० कुटुंबांमागं शाळा. हे पाळलं गेलं नाही म्हणूनच तिकडं लढाई झाली. पण निदान लिहिलेलं तरी आहे. आपल्यासाठी हेच माप का लावत नाहीत?

आपल्यातले काही साथी म्हणतात, "विहिरी-संडास मागितले म्हणजे विस्थापन मान्य केलं. जमिनीचाच प्रश्न धरा." मी याच्याशी सहमत नाही. जे अजून उठले नाहीत त्यांच्यासाठी आपली घोषणा तीच, आधी पुनर्वसन, मग धरण. पण जे पूर्वीच उठले त्यांना काय सांगायचं? जमीन मिळेपर्यंत तहान थांबवा? आणि हे सांगणारे बहुतेक पुरुष असतात. बाईला संडासला जायला अंधार पडायची वाट बघावी लागते, दुसऱ्याच्या रानात गेलं की शिव्या खाव्या लागतात. बैठकीत हा विषय बायांनी काढला तेव्हा काहीजण हसले. ते हसणं आपल्या संघटनेला शोभत नाही. पाय ठेवायला स्वतःची जागा नाही म्हणूनच बाईची ही अडचण आहे. म्हणजे हाही जमिनीचाच प्रश्न झाला.

म्हणून आपल्या मागण्या साध्या शब्दात अशा:

१) नोंद राहणाऱ्याची करा, सातबाऱ्याची नको. पाहणी पावसाळ्यात करा, तेव्हा सगळे घरी असतात.

२) वाडीखालची जागा गावठाण म्हणून लावा. घरजागा नवरा-बायको दोघांच्या नावावर.

३) ५० घरांमागं एक विहीर. ती पुरती झाली की नाही हे दिवाळीत नको, वैशाखात बघा. हातपंप दिला तर दुरुस्ती शिकवून वाडीतल्या दोघांना हत्यारं द्या.

४) संडास दोन खड्ड्यांचे. एक भरला की बंद करून दुसरा वापरायचा, वर्षा-दीड वर्षानं पहिल्याचं खत होतं. खड्डा विहिरीच्या वर नको, उताराला खाली आणि लांब हवा. जागा बाया ठरवतील.

५) पत्र्याच्या खोल्या बांधून देऊ नका, उन्हाळ्यात त्यात पोरं भाजतात. लाकूड, कौलं आणि मजुरी द्या. कारवीच्या कुडाचं घर कसं बांधायचं ते आम्हाला येतं.

पुढच्या अमावस्येच्या आधी प्रत्येक वाडीनं आपली यादी करायची. घरं किती, माणसं किती, पाणी कुठून, किती लांब, कोणत्या महिन्यात आटतं. लिहिता येणाऱ्या पोरापोरींनी वहीत उतरवायचं आणि वाडीसमोर वाचून दाखवायचं. कोणी सुटलं असेल तर म्हातारी माणसं सांगतील. सरकारनं आपल्याला मोजलं नाही, तर आधी आपण आपल्याला मोजू. मग ती वही घेऊन पुन्हा स्वारगेटला उतरू. आजीनं यायचं कबूल केलंय.

लढेंगे, जीतेंगे!

— संपादक मंडळाच्या वतीनं, एक कार्यकर्ती