मनोरा रयतेचा, भाडेकरू अनेक

१९९५ साली सुप्रीम कोर्टाने आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता ठरविली. २००५ च्या धोरणाने खासगी एफएम कंपन्यांस सरकारी मनोरे भाड्याने वाटून घ्यावयास लावले. बाजारात एकमेकींच्या वैरिणी, पण एकाच लोखंडी खांबावर नांदतात! टेलिव्हिजनचे काय? खासगी कंपन्यांस जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण करू द्यावे, अशी शिफारस ट्रायने २०१७ साली केली. इकडे २०२२ पर्यंत दूरदर्शनची बहुतेक जुनी प्रक्षेपणकेंद्रे बंद झाली. रयतेच्या पैशाचे मनोरे रिकामे ठेवण्यात कोणते शहाणपण?

जोतीरावांनी १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. हौद एक, घागरी अनेक. पाथर्डीचा ऊसतोड मजूर हंगामभर कोपीत राहतो. तेथे दरमहा पैसे भरून छत्री कोण लावणार? मनोरे सर्व कंपन्यांस भाड्याने जरूर द्यावेत. पण जी रयतेचा मनोरा वापरील, तिने निदान एक वाहिनी साध्या अँटेनावर फुकट दाखविलीच पाहिजे.