कडक वरिष्ठ चालतात, लहरी नकोत



फॅशनच्या धंद्यात नवी मुलं वर्षभरही टिकत नाहीत, अशी डिझायनर मंडळींची नेहमीची तक्रार. दोषही ठरलेला: या पिढीला कष्ट नकोत. मी मुंबईतल्या एका सॅम्पलिंग विभागात काम करते, मला हे पटत नाही. खारघरच्या ‘निफ्ट’मधून किंवा ‘एसएनडीटी’तून आलेली मुलगी पहिल्याच आठवड्यात बटणं आणि लेस जुळवायला भुलेश्वर पालथं घालते, मग मंगलदास मार्केट, तेही मे महिन्यात. कष्टाचं वावडं असतं तर ती तिथूनच घरी गेली असती.

तिला वैताग येतो तो शोच्या आदल्या रात्री. डिझायनर साहेबांना अचानक गळा बदलायचा असतो. का, ते कोणी सांगत नाही. भरतकामाचा खाका नव्याने काढा, आरीकामाच्या कारागिरांना पुन्हा बसवा, आणि सकाळी ‘हे आधी का झालं नाही’ म्हणून चारचौघांत बोलणी खायची ती तिनेच.

आमच्या विभागातले कापड बेतणारे मास्टरजीही काही गोड बोलत नाहीत. बाहीचा मुंढा चुकला की सगळ्यांदेखत ओरडतात. पण लगेच खडू घेऊन चूक कुठे झाली ते आखून दाखवतात. मुलं जेवायला डबा घेऊन त्यांच्याच टेबलाशी जातात.

‘आपण सगळे एक कुटुंब’ म्हणणाऱ्या वरिष्ठांची मला जास्त धास्ती वाटते. कुटुंबात ओव्हरटाइम कोण मागणार? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे जादा कामाला दुप्पट दर आहे. रात्री साडेनऊनंतर स्त्रीला थांबवायचं तर तिची संमती आणि सुरक्षिततेची सोय लागते. पण अनुभवाचं पत्र ज्यांच्या हातात, त्यांना नवखी मुलगी ‘नाही’ कशी म्हणणार?

कलेक्शनवर अंतिम शब्द एकाच माणसाचा हवा, हे मान्य. मग तो वेळेवर द्या. अमुक तारखेनंतर बदल नाही, असं ठरवा. फिटिंगच्या वेळी या मुलांना खोलीत उभं राहू द्या, म्हणजे बदल का झाला ते त्यांना कळेल. आणि कपडे दुकानात लागल्यावर तरी स्वतः केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवायची मुभा द्या. अनेक ठिकाणी तीही नसते. दोन वर्षं राबूनही पुढच्या मुलाखतीत मुलांना कॉलेजचंच काम दाखवावं लागतं.

– एक वाचक, दादर