घटस्फोटाचे वचन कुणाचे?

येशूला क्रुसावर दिले ते साधारण इ. स. ३० मध्ये. चार शुभवर्तमानांतले सर्वांत जुने मार्कचे, ते लिहिले गेले ७०च्या आसपास. मधली चाळीसएक वर्षे त्याची वचने मुख्यतः तोंडोतोंडीच फिरत होती, आणि याच काळावरून अभ्यासक शंभर वर्षे भांडत आहेत. रुडॉल्फ बुल्टमानने १९२१ मध्ये मांडले की बरीच वचने सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी आपल्या गरजेप्रमाणे घडवली. १९६१ मध्ये स्वीडनच्या बिर्गर गेरहार्डसनने दुसरे टोक पकडले: रब्बींचे शिष्य करतात तशी ती पाठ केलेली होती. आपल्याकडे हे चटकन पटते, कारण वेद तोंडपाठ म्हणणारे घनपाठी आपण ऐकलेले असतात. पण येशूच्या शिष्यांची, म्हणजे गालीलच्या कोळ्यांची, तशी पाठशाळा होती, याला पुरावा नाही.

असा घाऊक निकाल लावण्यापेक्षा एखादे वचन हातात घ्यावे. घटस्फोटाचेच घ्या. पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र ५४च्या सुमाराचे, म्हणजे मार्कच्याही आधीचे. नवराबायकोने वेगळे होऊ नये, ही आज्ञा आपली नव्हे तर प्रभूची, असे तो त्यात सांगतो. लगेच पुढे विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराचा प्रश्न येतो, तेव्हा मात्र बजावतो की हे प्रभू नव्हे, मी सांगतो आहे. ही कबुली मला फार मोलाची वाटते. वचने खुशाल घडवायची रीत असती, तर आपले मत येशूच्या तोंडी घालायला पौलाला कोण अडवणार होते?

मार्कमध्येही बंदी सरसकटच आहे. शिवाय ती नवऱ्याला सोडणाऱ्या बायकोलाही लागू होते. यहुदी रिवाजात बायकांना तशी मुभा जवळजवळ नव्हती, रोमन कायद्यात होती. मत्तयात एक सूट शिरते: जारकर्माचे कारण असेल तर. लूकमध्ये ती नाही. गैरसोयीचे वचन कुणी टाकले नाही, पण आपापल्या अडचणीप्रमाणे त्याला थोडे वाकवले, असा याचा अर्थ मी लावतो.

सगळीकडे इतके साक्षीदार मिळत नाहीत, आणि मिळाले तरी जुळत नाहीत. येशूला धरून देणारा यहूदा इस्कार्योत मत्तयात गळफास घेतो. प्रेषितांच्या कृत्यांत तो शेतात पडतो आणि त्याचे पोट फुटते. आधी फास, मग दोर तुटला, अशी जुळवाजुळव पूर्वीपासून होत आली आहे. ती भाविकाच्या समाधानाला ठीक.

येशूने घटस्फोटाला विरोध केला, हे मी इतिहास म्हणून मान्य करतो. यहूदा कसा मेला, याबद्दल तसे म्हणणार नाही.