बोंड कुणाचे, प्याला कुणाचा?

नाशिकच्या गोदाखोऱ्यात मुंबई-पुण्याचे पाहुणे द्राक्षमळे पाहावयास आणि वाईन चाखावयास येतात. गंगापूर धरणाच्या परिसरात त्यांच्या निवासाची चोख व्यवस्था आहे. हिरण्यकेशीच्या खोऱ्यातील आजऱ्यासारख्या तालुक्यांनी हाच कित्ता गिरवावा, असा उपदेश करणाऱ्यांनी त्या कित्त्याचा जमाखर्च आधी मांडला पाहिजे.

नाशिकचे वैभव केवळ हवामानाने आणि उद्यमशीलतेने घडलेले नाही. शासनाने सन २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले, उत्पादन शुल्कात सवलती दिल्या, विंचूर व पलूस येथे वाईन पार्क उभारले. पुढे २००८ ची मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, वाईनची मागणी घसरली आणि अनेक शेतकऱ्यांवर वेली उपटून टाकण्याची पाळी आली. वाईनचे द्राक्ष खाण्याच्या द्राक्षासारखे बाजारात खपत नाही; कारखानदाराने पाठ फिरवली की दुसरा गिऱ्हाईक नाही. सवलत कारखान्याला आणि जोखीम शेतकऱ्याला, असा हा व्यवहार आहे.

आजऱ्याचे पीक काजूचे. बी व्यापाऱ्याकडे जाते आणि तिच्याहून कितीतरी पट वजनाचे रसाळ बोंड बहुधा झाडाखाली कुजते. शेजारच्या गोव्यात याच बोंडाची फेणी होते व तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. महाराष्ट्र शासनाला एप्रिल २०२२ मध्ये जाग आली, तीही काजूबोंडाच्या मद्याला 'विदेशी मद्या'चा दर्जा देण्यापुरती! आजऱ्याच्या डोंगरातले फळ प्रतिष्ठित होण्यासाठी विदेशी ठरावे लागते, यातच या धोरणाचे वर्गचरित्र उघड होते. बोंड एक-दोन दिवसांत नासते. गावातच प्रक्रिया झाली नाही, तर या दर्जाचा लाभ भांडवल बाळगणाराच उचलणार.

यावर आपल्यातीलच काही साथी विचारतील : समाजवाद्यांनी मद्याची तरफदारी करावी काय? शंका रास्त आहे. बाटली आडवी करण्यासाठी मतदान करणाऱ्या स्त्रियांचा लढा आपलाच आहे. परंतु बोंडापासून सरबत, सिरप व व्हिनेगरही होते. काय बनवावे आणि काय बनवू नये, हे ग्रामसभेने ठरवावे. तो अधिकार तिला तेव्हाच लाभेल, जेव्हा प्रक्रियेचे साधन तिच्या माणसांच्या हाती असेल.

म्हणून बोंड उत्पादकांची आणि काजू फोडताना तेलाने हात भाजून घेणाऱ्या कामकरी स्त्रियांची सहकारी प्रक्रिया संस्था, हीच पहिली मागणी असली पाहिजे. द्राक्षाला मिळाल्या त्या सवलती तिला मिळाल्याच पाहिजेत. चित्री आणि उचंगी धरणांसाठी याच तालुक्यातील शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या आहेत. त्या पाण्याच्या काठी उद्या पाहुणे जरूर यावेत. मात्र त्यांचे स्वागत करणारा तेथला मालक असावा, पेले विसळणारा नोकर नव्हे. कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी गावोगाव हा प्रश्न नेला पाहिजे.