इंजिनाचा दमसास

गेल्या महिन्यात पुण्याहून मिरजेला आईकडे गेले, तेव्हा गाडी प्रत्येक सिग्नलला थरथरत होती. चढावर दम नाही, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. मागच्या दारावर मात्र झोकात लिहिलंय, ‘व्हीव्हीटी’. पुण्यातल्या एका चकचकीत वर्कशॉपने आधीच सांगितलं होतं, ‘मॅडम, व्हीव्हीटीचा अख्खा भाग बदलावा लागेल.’ आकडा ऐकून माझाच दम गेला!

मिरजेतल्या ओळखीच्या मिस्त्रीचाचांनी बॉनेट उघडून आधी डिपस्टिक ओढली. तेल डांबरासारखं काळं.

‘बेटा, तेल कधी बदललीस?’

‘अं... गेल्याच्या गेल्या दिवाळीला?’

चाचा नुसते हसले.

आता तेलाचा आणि व्हीव्हीटीचा काय संबंध? सांगते. इंजिन श्वास घेतं. इनटेक व्हॉल्व्ह उघडला की हवा आत, एक्झॉस्ट उघडला की धूर बाहेर. ३००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. इतक्या वेगात आत घुसणारी हवा पटकन थांबत नाही. म्हणून इनटेक जरा उशिरा मिटला, तर जास्त हवा भरते आणि जास्त ताकद मिळते. पण ट्रॅफिकमध्ये, कमी आरपीएमला तोच उशीर नडतो. वर येणारा पिस्टन भरलेली हवा परत ढकलून देतो.

मिरजेत हे समजायला सोपं आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचं हे गाव. विलंबितात गायक जिथे श्वास घेतो, तिथेच द्रुतात घेऊन कसं चालेल?

जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ कायमची ठरलेली असायची. म्हणजे दोन्हीकडे तडजोड. १९८०मध्ये अल्फा रोमिओने ती बदलणारी यंत्रणा विक्रीच्या गाडीत आणली. १९८९मध्ये होंडाचं ‘व्हीटेक’ आलं. आपल्याकडे २०११च्या पेट्रोल स्विफ्टमध्येही व्हीव्हीटी होतं.

आजच्या बऱ्याच गाड्यांत कॅमशाफ्टच्या टोकाला एक चक्र असतं, आत छोटे कप्पे. कॉम्प्युटरच्या हुकमाने त्या कप्प्यांत तेल दाबाने शिरतं आणि कॅमशाफ्ट काही अंश पुढेमागे फिरतो. हे तेल वेगळं नाही हं, आपलं साधं इंजिन ऑइलच! ते घट्ट आणि गाळकट झालं की वाटेतली बारीक जाळी तुंबते, चक्र अडकतं आणि इंजिन भलत्याच वेळी श्वास घेतं.

चाचांनी जाळी साफ केली, तेल आणि फिल्टर बदलला. दिवा गेला, थरथर गेली. प्रत्येक वेळी इतक्यावर भागेलच असं नाही, चक्र खरंच झिजलं असेल तर बदलावंच लागतं. पण तो शेवटचा उपाय. पहिला प्रश्न तेलाचा.

तेव्हा दोस्तहो, मोबाईलचं रिचार्ज विसरत नाही ना आपण? मग मॅन्युअल उघडा, तेल बदलायची तारीख बघा आणि त्याच मोबाईलवर रिमाइंडर लावा. मी लावलाय. नाव ठेवलंय, ‘चाचा’!